अर्धा टँकर

टँकर गल्लीच्या तोंडाशी गतिरोधकावर आला की आई स्वयंपाकघरातूनच सांगायची, "आजबी अर्धाच धाडलाय मेल्यानं." अजून टँकर दिसलेलाही नसायचा. भरलेला टँकर गप येतो. अर्धा असला की ब्रेक लागताच आत पाणी धडामकन आपटतं आणि थांबत आलेली गाडी पुन्हा पुढं हिसका खाते. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण लातुरात आम्ही दर उन्हाळ्यात कानांनी ऐकली.

ब्रेक चाकांना लागतो, पाण्याला कोण लावणार? ते आपल्या चालीनं पुढं जातं, पुढच्या पत्र्यावर आदळेपर्यंत. पत्रा पाण्याला मागं रेटतो, पाणी पत्र्याला तेवढ्याच जोरानं पुढं. न्यूटननं 1687 साली छापलेल्या तीन नियमांपैकी पहिला आणि तिसरा एका गतिरोधकावर उरकतात. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन. म्हणून चांगल्या टँकरच्या पोटात भोकं पाडलेले आडवे पत्रे असतात. पाण्याला एकदम धाव घेता येत नाही.

आजी घागरीत लिंबाची डहाळी ठेवायची, ती त्यासाठीच. विहिरीवरून येताना एकदा मी शहाणपणा केला. डहाळी फेकून दिली, आणि ओझं नको म्हणून घागर पाऊणच भरली. दहा पावलांत पाणी माझ्या चालीवर डुलायला लागलं. मी थांबलो, ते थांबलं नाही. सदरा ओला आणि तांब्याच्या घागरीला हा एवढा पोचा. आजीनं पोच्यावरून बोट फिरवलं. "पाणी निजवून आणावं लागतं, लेकरा."

2016च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोक पाण्याकडं बघत होते. मी इंजिनाच्या खिडकीकडं. पाचशे टन पाणी तीनशेहून जास्त किलोमीटर निजवत आणणारा माणूस दिसतो तरी कसा!

लेकीला नववीत जडत्वाचं उदाहरण शिकवलं ते बसचं: बस सुटली की प्रवासी मागं जातो. बरोबर आहे, पण आमच्या यष्टीत मागं जायला जागा असते कुठं?

परवा ती 'गतीचे नियम' पाठ करत बसली होती. बाहेर ब्रेक करकरला, पाठोपाठ धडाम. पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, अर्धाच आहे. पळा, आधी नंबर लावा."