निम्मं उरतंय होय?

मार्चात आमच्या घरी दोन हिशेब चालतात. दादांचा हरभरा लातूरच्या मोंढ्यात जायचा असतो आणि मला १५ तारखेच्या आत वर्षाचा अग्रिम कर भरायचा असतो. नोकरदारांना ही तारीख फारशी माहीतच नसते, त्यांचा कर पगारातूनच जातो. मी घरी बसून सॉफ्टवेअरची सुटी कामं करणारा. पैसे आधी खात्यात दिसतात, मग जातात. दिसलेले पैसे जाताना जास्त लागतात.

तसे सगळे दिसतातच असंही नाही. कंपनी माझ्या फीमधले दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, म्हणून कापूनच पाठवते. आडत्याच्या पट्टीत जशी तळाशी हमाली, तोलाई वजा झालेली असते, तसंच. दादांनी माझं बिल आणि बँकेचा मेसेज शेजारी ठेवून विचारलं, "हे कामून कापलं? हमाली हाय का?" म्हटलं, हमाली गेली ती गेली, हे वर्षाच्या करात वळतं होतं, जास्त झालं तर परतही मिळतं. अर्थात, कंपनीनं ते माझ्या पॅनवर भरलं असेल तर. म्हणून दर तिमाहीला फॉर्म २६एएस, म्हणजे आयकर खात्याकडचा माझ्या पॅनवर जमा कराचा तक्ता, उघडून एकेक आकडा जुळवत बसायचं. एका कंपनीनं कापलेले पैसे तिथं दिसेपर्यंत मी त्यांच्या अकाउंटंटचा जवळचा नातेवाईक झालो होतो.

दादांना खरी मजा वाटली ती पुढच्या नियमाची. ठरावीक व्यवसायांना, वर्षाची जमा ५० लाखांच्या आत (रोखीतली पाच टक्क्यांहून जास्त नसेल तर ७५ लाखांच्या आत) असेल तर, सवलत आहे: निदान निम्मी जमा नफा म्हणून दाखवायची, बाकीची खर्चात गेली असं सरकार धरतं. वह्या ठेवायची सक्ती नाही.

"निम्मं उरतंय होय?" दादा म्हणाले. "बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी जाऊन सोयाबीनचं निम्मं उरलेलं दाखव म्हणावं कुणी."

शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही, याची मी आठवण करून दिली.

"उरलं तर लावतील की!"

सक्ती नसली तरी वही मी ठेवतोच. लॅपटॉप, इंटरनेट, इन्व्हर्टरची बॅटरी हे रकाने करासाठी आता निरुपयोगी आहेत. पण कोणत्या कामात खरंच काय सुटलं, ते त्यावाचून कळत नाही. जीएसटी नोंदणीची २० लाखांची वेस अजून लांब आहे, तिकडचा विचार नाही. सगळ्यात भरलेला रकाना 'आठवण केली' हा. थकलेल्या बिलासाठी कुणाला कधी फोन केला, मेल केला, याच्या तारखा. तो बघून दादांनी एकच सुचवलं: "पुढच्या टायमाला आधी उचल घे, मग कामाला लाग."

आता नव्या गिऱ्हाइकाकडे मी चाळीस टक्के आधी मागतो. काहीजण तिथंच गप्प होतात, ते बरंच. त्या उचलीतूनही टीडीएस कापून येतो, हे दादांना अजून सांगितलेलं नाही.