हिंगोलीची वेलांटी

ताई नववीला भूगोल शिकवते. गणपतीच्या सुट्टीत तिनं विचारलं, "अरे, महाराष्ट्राचा लोकसंख्येच्या घनतेचा नकाशा करून देशील? जिल्हावार, आणि नावं मराठीत. वर्गात लावायचाय." मी दिवसभर पायथन या भाषेत प्रोग्रॅमच लिहितो, पण हिशेबाच्या कामाचे. नकाशा कधी केला नव्हता. तरी म्हटलं, "तासाभरात देतो." त्या तासाच्या चार रात्री झाल्या.

पहिला अर्धा तास मात्र मजेत गेला. जिओपांडाज, म्हणजे पायथनचं नकाशांचं पॅकेज, बसवलं, जिल्ह्यांच्या सीमांची शेपफाइल उतरवली. ही म्हणायला एक फाइल, प्रत्यक्षात चार-पाच भावंडांचं कुटुंब. पेन ड्राइव्हवरून त्यातली फक्त '.एसएचपी' उचलून आणली होती, ती उघडेना. सगळी शेजारी ठेवली तेव्हा दोन ओळींत महाराष्ट्र पडद्यावर आला. मी बायकोला हाक मारून दाखवला.

मग २०११च्या जनगणनेचा तक्ता त्याला जोडला आणि नकाशाला भोकं पडली. जोडणी रोमन नावांवर होती. तक्त्यात बीडला एक 'आय', नकाशात दोन 'ई'. गोंदियाच्या शेवटी एकीकडे 'वाय', दुसरीकडे नाही. तक्त्यात औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर, तर ताईला हवं छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. शेवटी पायथनच्या एका डिक्शनरीत, म्हणजे 'हे नाव म्हणजे ते नाव' अशा यादीत, सगळ्या जोड्या हातानं लिहिल्या. दुसरा उपाय मला तरी सुचला नाही.

तरी एक भोक उरलंच : पालघर. तो ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला, मग २०११च्या तक्त्यात येणार कुठून? तिथे जिल्हे ३५, नकाशात ३६. 'डिझॉल्व्ह' वापरून पालघर परत ठाण्यात विरघळवला.

आता रंग. पहिल्या चित्रात मुंबई गडद आणि बाकी सगळा महाराष्ट्र ताकासारखा पांढरा! मुंबई उपनगरात चौरस किलोमीटरला २० हजारांच्या वर माणसं, गडचिरोलीत ७४. एकाच सरळ पट्टीवर हे दोघं बसवले की पुणे आणि सिंधुदुर्ग सारखेच दिसतात. म्हणून 'क्वांटाइल्स' घेतले : पाच रंग, प्रत्येकात सात जिल्हे. यात मुंबई आणि तिच्या मागचा जिल्हा एकाच रंगात येतात, ही लबाडी मला खटकते. पण वर्गाच्या भिंतीवरून वाचता येणारा नकाशा हवा होता, म्हणून चालवून घेतली आणि आकडे सूचीत स्पष्ट लिहिले.

नावं टाकायला जिल्ह्याचा मध्यबिंदू काढला, तर जिओपांडाजनं टोकलं की अक्षांश-रेखांशात काढलेला मध्य चुकू शकतो. त्याऐवजी 'रिप्रेझेंटेटिव्ह पॉइंट' घेतला. तो हमखास जिल्ह्याच्या आत पडतो. नावं टाकली. सगळीकडे चौकोन. चित्र काढून देणाऱ्या पॅकेजच्या, मॅटप्लॉटलिबच्या, नेहमीच्या फाँटमध्ये देवनागरीच नाही. नोटो सान्स देवनागरी दिला, अक्षरं उमटली, मी खूश. मग हिंगोलीकडे नीट पाहिलं. आधी ह, मग त्याच्या उजवीकडे एकटी उभी पहिली वेलांटी. चंद्रपूरचा द पाय मोडून र-शेजारी बसलेला. सिंधुदुर्गाचा रफार ग-वर चढलाच नव्हता.

दोन रात्री यातच गेल्या. फाँट बदलले, तीन वेगवेगळे. दोष फाँटचा नव्हताच. माझ्याकडचं मॅटप्लॉटलिब अक्षरं टंकलेल्या क्रमानं एकापुढे एक मांडत होतं. वेलांटी मागे न्यायची, जोडाक्षर बांधायचं, हे काम ते करतच नव्हतं. ब्राउझर मात्र ते रोज करतो. मग चित्र पीएनजीऐवजी एसव्हीजीत काढलं आणि 'एसव्हीजी.फाँटटाइप'ला 'नन' दिलं. म्हणजे अक्षरांच्या रेषा न काढता मजकूर मजकूर म्हणूनच फाइलीत राहतो. फाइल ब्राउझरमध्ये उघडली. हिंगोली, वेलांटी जागेवर. रात्रीचा दीड वाजला होता. तिथूनच पीडीएफ छापून ताईला पाठवली.

सोमवारी तिचा फोन. "नकाशा छान झालाय रे. पण मागच्या बाकावरचा एक जण विचारतोय, पालघर कुठाय?" त्याचं आजोळ डहाणूला.

त्या रात्री विरघळवण्याआधीची सीमा परत काढली, तुटक रेषेनं ठाण्यावर टाकली आणि बारीक अक्षरात लिहिलं : 'पालघर, २०१४पासून'.