सिगारेटच्या पाकिटातला खंड्या

"काका, जन्मात कधी सिगारेटला हात लावला नाहीत, मग तिच्या पाकिटातली ही जुनी कार्डं कशाला जमवताय?" घरी आलेलं माणूस डबा उघडला की हेच विचारतं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

पूर्वी सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असत. आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून त्यात पुठ्ठ्याचा तुकडा घालायचे. त्या कोऱ्या तुकड्यावर कंपन्या चित्रं छापू लागल्या. अमेरिकेतल्या रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीनं १८८८ मध्ये तिकडच्या पक्ष्यांची ५० कार्डं काढली. छपाई दगडावरची, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. भिंग धरलं की पंखातले रंगाचे ठिपके सुटे दिसतात. चित्रकार आबालाल रहिमानांच्या गावात, कोल्हापुरात, वाढलेल्या माणसानं हे काम बघून पुढं कसं जायचं?

पण माझा जीव जास्त अडकलाय तो सोड्याच्या पुड्यातल्या कार्डांत. होय, आपला खायचा सोडा! आर्म अँड हॅमर या अमेरिकन छापाच्या सोड्याबरोबर पक्ष्यांची कार्डं मिळत. त्यातल्या कित्येकांची चित्रं लुई अगासी फ्युर्टिस या मोठ्या पक्षीचित्रकाराची. कार्डावर विनंती असे : सगळ्यांच्या भल्यासाठी पक्ष्यांचा नाश करू नका. बायकांच्या टोप्यांवर पिसं खोवायची फॅशन होती, त्यापायी बगळे मारले जात होते. अशा काळात ही ओळ सोड्याबरोबर घराघरांतल्या स्वयंपाकघरात पोचत होती. मला हे फार मोलाचं वाटतं.

म्हणून मी कार्डाची पाठ आधी बघतो. पक्ष्याची माहिती तिथंच असते. वहीत डिंकानं चिकटवून पाठ फाटलेलं कार्ड कितीही स्वस्त मिळू दे, मी घेत नाही.

सांभाळणं मात्र जिकिरीचं. आमच्याकडच्या पावसात कागदाला बुरशी धरते, कसर लागते. २०१९ च्या पुरात पाणी दारात आलं तेव्हा कागदपत्रांच्या पिशवीबरोबर हा पत्र्याचा डबाही वर नेला.

गेल्या हिवाळ्यात शेजारची नात सोबत घेऊन रंकाळ्यावर गेलो होतो. खिशात एक इंग्रजी कार्ड होतं, त्यावर छोटा खंड्या. इंग्लंडात आणि आपल्याकडे हा पक्षी एकच. काठावरच्या वाळक्या फांदीवर तो बसलेला दिसला. पोरीनं कार्ड डोळ्यांसमोर धरलं, दुर्बिणीतून पाहिलं, परत कार्ड पाहिलं.

"आजोबा, कार्डातली चोच सगळी काळी आहे. ह्याची खालून तांबडी आहे."

कार्डावर नर होता, फांदीवर मादी.