पंचा आणि जीन्स

अनंत चतुर्दशी झाली आणि दोन दिवसांनी मी रेवसहून निघालो. कोकणच्या किनाऱ्याकिनाऱ्याने रेडीपर्यंत, एसटी आणि फेरीबोटींच्या भरवशावर, पाचेक आठवडे. पाठीवर एकच सॅक, सात किलोची. सात हा आकडा विमानवाल्यांचा. केबिनमध्ये ते तेवढंच नेऊ देतात, म्हणून हलकं सामान म्हणजे सात किलो असं डोक्यात बसलेलं. घरी वजनकाट्यावर आधी नुसता उभा राहिलो, मग सॅक घेऊन. फरक सहा किलो नऊशे. काय तो माज!

वाटेत स्टँडास्टँडवर परतीचे चाकरमानी भेटत होते. तांदळाची गोणी, नारळ, पिशवीतून डोकावणारं तवसं. मी त्यांच्याकडे जरा दयेनेच बघत होतो.

हिशेब सोपा होता. तीन शर्ट, एक जीन्स, एक साधी पँट. रात्री धुवायचं, सकाळी घालायचं. पुण्यात हा हिशेब बसतो. दाभोळला बसला नाही. परतीचा पाऊस रोज संध्याकाळी हजेरी लावून जाई आणि हवा अशी, की ताटात वाढलेलं मीठसुद्धा पाणावे. जीन्स तिसऱ्या दिवशीही पडवीतल्या दांडीवरच. मांडीवर हात फिरवला तर कोरडी, खिशात बोट घातलं तर ओलीगच्च. कमरेच्या पट्टीला तर कुबट वास यायला लागलेला. शेवटी तशीच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली आणि धोपाव्याला जाणारी फेरीबोट पकडली. वाशिष्ठी ओलांडताना वाटत होतं, पाठीवर जीन्स नाही, भिजलेलं पोतं आहे.

गुहागरला मी आणखी एक शहाणपणा केला. साध्या पँटीनिशी समुद्रात उतरलो आणि तीही तशीच वाळत टाकली. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकू म्हणाल्या, "अहो, आधी गोड्या पाण्यातून काढा ती. नाहीतर दिवाळीपर्यंत वाळायची नाही." खरंच होतं. खारं पाणी उडून जातं, पण मीठ कापडात राहतं आणि ते हवेतलं पाणी ओढत बसतं. रोज थोडं वाळायचं, रोज थोडं ओलं व्हायचं.

त्याच दांडीवर काकूंच्या यजमानांचा पंचा होता. सकाळी आंघोळीनंतर टाकलेला, दुपारी जेवायला बसेपर्यंत वाळलेला. माझा जाडजूड टर्किश टॉवेल शेजारी ओल्या म्हशीसारखा लोंबत होता. बाजारात जाऊन दोन पंचे घेतले. टॉवेल काकूंना पायपुसण्याला दिला, त्यांनीही आढेवेढे घेतले नाहीत. पुढे पंच्याने अंग पुसलं, उन्हात डोक्याला गुंडाळला, अनोळखी उशीवर अंथरला, तवसाळहून जयगडला जाताना त्यात भाकरी बांधून घेतली. जीन्स रत्नागिरीहून पुण्याला निघालेल्या मावसभावाच्या हाती धाडली. त्याचंही सामान काही कमी नव्हतं. एक शिवी देऊन त्याने ती घेतली.

आजी सांगायची, आजोबा बोटीने मुंबईला जायचे तेव्हा बोट खोल पाण्यात उभी आणि माणसं पडावातून, म्हणजे लहान होडीतून, तिच्यापर्यंत. पडाव वरखाली होत असताना एका हाताने दोर धरायचा, म्हणजे सामानाला उरला एकच हात. त्यात मावेल ती वळकटी. पंचा अर्थातच खांद्यावर.

मालवणला पोचेपर्यंत सॅक इतकी सपाट झाली होती, की खोली दाखवणाऱ्या बाईंनी दारातच विचारलं, "येवढ्याच सामान?" आणि मागून कोणी सामान आणतंय का, म्हणून गल्लीत डोकावून पाहिलं.

ती रिकामी जागा मात्र निघायच्या दिवशी त्यांच्याच डोळ्यांत भरली. नको म्हणायला तोंड उघडायच्या आत कुळथाचं पीठ, आमसुलं आणि कोकमाच्या आगळाची बाटली आत गेली. बाटली फुटू नये म्हणून पंच्यात गुंडाळली. फुटली नाही, पण झाकण ढिलं होतं. पुण्यात सॅक उघडली तेव्हा पंचा अर्धा पांढरा, अर्धा लालभडक. धुतला, गॅलरीत दोरीवर टाकला. डाग गेला नाही, पण पंचा चहा होईपर्यंत वाळला.