हतनूरचा गाळ आणि पट्टकादंब

रविवार, डिसेंबर

पहाटे भुसावळहून निघालो तेव्हा गारठ्याने बोटं वळत नव्हती. केळीच्या बागांमधून चांगदेव गाठलं आणि तापी-पूर्णेच्या संगमाकडे हतनूर धरणाच्या फुगवट्याच्या काठी स्कोप (लांबचे पक्षी बघायच्या दुर्बिणी) लावले. आमच्या पक्षीनिरीक्षण ग्रुपमध्ये शाळकरी पोरांपासून रिटायर झालेल्या काकांपर्यंत सगळे. चांदवे नावाचे काळे पाणपक्षी ढिगाने होते, थापट्या आणि तलवार बदकंही.

पट्टकादंब, म्हणजे बदकांच्या कुळातले मोठे स्थलांतरित पक्षी, मात्र ऊन वर आल्यावर सापडले, लांब गाळाच्या जिभेवर. बरेचसे माना पंखांत खुपसून झोपलेले. एकाने डोकं वर काढलं आणि पांढऱ्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे स्कोपमध्ये स्वच्छ दिसले. तिबेट-लडाखकडे विणीचा हंगाम उरकून, हिमालय ओलांडून आलेला हा पक्षी माझ्या गावापासून तासाभरावर झोपलाय, याने दरवर्षी मला भरून येतं. दिवसा असे निवांत दिसतात, रात्री शेतात चरायला जातात. होडी बांधणारे एक भाऊ म्हणालेच, "रातच्याला हरभऱ्यात उतरतात हे." पण त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

त्यानंतर मी बराच वेळ एका टिलव्यातच, म्हणजे चिखलात चरणाऱ्या इवल्या पक्ष्यातच, अडकलो. चिमणीएवढा जीव, सैबेरियाच्या पार उत्तर टोकाकडून आलेला. पाण्याच्या कडेने तुरुतुरु पळायचा, थांबायचा, शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच भराभर चिखलात मारायचा. एकदा बारीकशी अळी ओढून निघाली, ती गिळून लगेच पुढे. एवढ्या लांबून तो येतो ते या चिखलासाठी.

आमच्याकडे हतनूरच्या गाळाबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. पूर्णा गाळ आणते, साठा कमी होतो, कालव्याच्या आवर्तनाला (पाळीने सोडायच्या पाण्याला) साठा पुरत नाही. आमची शेती कालव्यावरच आहे, त्यामुळे ही तक्रार मला परकी नाही, ती खरीच आहे. पण ४१ दरवाजांच्या या धरणाला पक्ष्यांचं धरण केलं ते याच गाळाने. पावसाळा सरला की पाणी हळूहळू उतरतं, उथळ पाण्यात पाणवनस्पती माजतात, बदकं डोकं खाली-शेपूट वर करून त्या खातात. नुसतं खोल पाणी असतं तर टिलव्याला इथे पाय टेकवायला जागा नव्हती.

परतताना भरीत आणि कळण्याच्या भाकरीवर गाडीत याचाच वाद रंगला. माझं मत ठाम आहे: गाळ काढायचा तर भिंतीकडचा, खोलातला काढा. संगमाकडचा उथळ काठ सोडा, आणि हिवाळ्यात तर तिकडे यंत्रं नकोतच. काकांना हे पटलं नाही. पिण्याच्या पाण्यापुढे बाकी सगळं नंतर, असं त्यांचं म्हणणं. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना आहे, तेव्हा आप्पांनाही घेऊन जाईन. शेतकऱ्याच्या नजरेने ते काय म्हणतात, ते मला ऐकायचंय.