जीपचा हँडब्रेक नेमकं काय धरतो?

मागच्या नोंदीत कार्ब्युरेटर बसवून थांबलो होतो. पुढचा नंबर वायरिंगचा होता, पण मधेच जीप आपली आपण चालायला लागली, म्हणून वायरिंग राहिलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो. गाडी महिंद्राची सीजे ३बी, पेट्रोल, १९७०च्या दशकातली. मुक्काम वाई, वर्कशॉप म्हणजे घरापुढचं अंगण. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून अंगणाला फाटकाकडे हलका उतार दिलाय. चालताना तो जाणवतही नाही.

पहिला रविवार

मागचं उजवं चाक काढायचं होतं. डॅशखालची हँडब्रेकची दांडी खेचली, गिअर न्यूट्रलला ठेवला, जॅक लावला. टायरने जमीन सोडली आणि जीप पुढे निघाली. जॅक आडवा झाला, चाक धपकन खाली आलं आणि गाडी तुळशीवृंदावनाच्या वीतभर अलीकडे थांबली. नशीब, तेव्हा मी जॅकच्या बाजूला होतो, गाडीखाली नव्हतो. आईने खिडकीतून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "दगड लावायला काय होतं तुला?"

उत्तर नव्हतं. हँडब्रेक घसरला, असं समजून मी मोकळा झालो. चाक खाली पडताच गाडी जागच्या जागी थांबली होती, हा पुरावा डोळ्यांसमोर होता. तो मला दिसला नाही.

दुसरा आठवडा

या जीपचा हँडब्रेक चाकांमध्ये नसतो. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्समागची, इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी. तिच्या मागच्या तोंडाला, जिथून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट निघतो तिथे, एक छोटा ड्रम असतो. दांडी खेचली की केबल आतले दोन शू (ब्रेकच्या अर्धगोल पट्ट्या) फाकवते, ड्रम धरला जातो आणि त्यासोबत शाफ्टही. लँड रोव्हरच्या जुन्या सिरीज गाड्यांमध्ये आणि जुन्या डिफेंडरमध्येही हीच पद्धत आहे.

ड्रम उघडला तर आत लोणच्याची बरणी. शूवरचे दोन्ही लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे थर, नव्वद नंबरच्या गिअर ऑइलमध्ये मुरलेले. या रचनेचं हे जुनंच दुखणं: ड्रमच्या पाठीमागेच ऑइल सील (तेल अडवणारं कडं), सील गेलं की तेल थेट ब्रेकवर. पुण्याच्या नाना पेठेतून नवीन सील आणलं, पण बसवण्याआधी दोन गोष्टी तपासल्या. ट्रान्सफर केसचा ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड, चिखलाने बुजला होता. तो बुजला की आतली तापलेली हवा बाहेर पडायला वाट शोधते आणि सीलच्या ओठातून तेल ढकलते. ब्रीदर साफ न करता कितीही सील बदला, सहा महिन्यांनी पुन्हा तेच. दुसरं म्हणजे योकवर (शाफ्ट जोडायच्या तुकड्यावर) सील जिथे घासतं तिथे नखाला लागेल एवढी खाच पडली होती. सील दोन मिलिमीटर बाहेर बसवलं, त्यामुळे ओठ आता कोऱ्या जागेवर चालतो. फार खोल खाच असेल तर स्लीव्ह चढवावी लागते.

लायनर धुऊन वापरायचा मोह आवरा. तेल प्यायलेला लायनर गरम झाला की पुन्हा तेल सोडतो. मी शू साताऱ्याला दिले, नवे लायनर रिबिटा मारून आले. केबल सोडवून ग्रीस केली.

तिसरा रविवार

सगळं जोडलं. या वेळी पुढच्या दोन्ही चाकांना दगड लावले आणि मागचा भाग दोन्ही बाजूंनी स्टँडवर घेतला. दांडी खेचली, शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. जाम. मनात म्हटलं, झालं काम. सहज उजवं चाक ढकललं, तर ते गर्रकन फिरलं! डावं चाक तेवढ्याच वेगाने उलटं फिरत होतं आणि मधला शाफ्ट मख्ख उभा.

हसू आलं आणि पाठीतून कळही गेली. हँडब्रेक त्या दिवशीही घसरला नव्हता. तेलकट असूनही त्याने शाफ्ट धरून ठेवला होता. पण शाफ्ट आणि चाकं यांच्यामध्ये डिफरेन्शियल आहे, म्हणजे शाफ्टचं फिरणं दोन चाकांत वाटणारा गिअरांचा संच. शाफ्ट अडकला की डिफरेन्शियलची अट एवढीच उरते: एक चाक जेवढं पुढे, तेवढं दुसरं मागे. दोन्ही टायर जमिनीवर असले की हे शक्य नाही, म्हणून गाडी उभी. एक टायर उचलला की ते उलटं फिरायला मोकळं आणि जमिनीवरचं पुढे जायला मोकळं. चाक खाली पडताच गाडी थांबली ती याचमुळे.

मग 'गिअरमध्ये टाकली असती तर?' काही फरक पडला नसता, गिअरही तोच शाफ्ट धरतो. शिवाय ट्रान्सफर केसचा दांडा न्यूट्रलला असेल, तर पहिल्या गिअरला आणि चाकांना एकमेकांची ओळखच नसते. तेव्हा हँडब्रेक तरी धरतो, कारण त्याचा ड्रम त्या न्यूट्रलच्या पुढे, चाकांच्या बाजूला आहे. फोर व्हीलमध्ये टाकली असती (पुढच्या चाकांच्या हबांना लॉक असतील तर तेही लावून), तर पुढच्या दोन जमिनीवरच्या चाकांनी गाडी धरली असती. पण दगड स्वस्त पडतो. आईचं बरोबर होतं.

हाच हँडब्रेक चालत्या गाडीत खेचू नका. सगळा झटका प्रोपेलरच्या क्रॉसवर (शाफ्टच्या टोकाच्या सांध्यावर) आणि डिफरेन्शियलच्या दात्यांवर येतो.

मग एवढी विचित्र जागा का निवडली असेल? चाकं आणि शाफ्ट यांचं प्रमाण मोजलं. ब्रेक सोडून, एकाला मदतीला घेऊन, दोन्ही चाकं बरोबर एक फेरी फिरवली, तर शाफ्टवरची खडूची खूण पाच फेऱ्या आणि वर एक तृतीयांशाहून थोडी जास्त फिरली. या गाडीचं प्रमाण ५.३८ आहेच. आता हिशेब: गाडी अंदाजे ११०० किलो, चढ पाचास एक, म्हणजे खाली ओढणारं बळ साधारण २१५ किलोंचं. टायरची त्रिज्या ३५ सेंटिमीटर धरली तर चाकांपाशी ७४० न्यूटन-मीटर अडवायला हवेत. शाफ्टवर त्यासाठी १४० पुरतात. म्हणून एवढासा ड्रम आणि एक साधी केबल पुरते.

इतर गाड्यांखाली वाकून

त्यानंतर खोडच लागली. दिसेल त्या गाडीचा हँडब्रेक काय धरतो ते बघायचं.

घरची मारुती ८०० सरळ आहे. दांडीपासून केबल मागच्या दोन्ही ड्रमपर्यंत जाते आणि पायाच्या ब्रेकचेच शू फाकवते. प्रत्येक चाक स्वतंत्र धरलेलं, त्यामुळे डिफरेन्शियलचा खेळ नाही. पण मागचं चाक उचललंत तर धरलेलं एकच उरतं, पुढची मोकळीच असतात. या गाड्यांवर एक चूक सर्रास होते: दांडी फार वर यायला लागली की लोक थेट केबल ताणतात. आधी शू ड्रमच्या जवळ आणायचे, मग केबल. उलट केलंत तर केबलच शू अर्धवट फाकवून ठेवते आणि झिजेबरोबर शू आपोआप पुढे सरकवणारी यंत्रणा अडकते.

भाच्याच्या नव्या गाडीत दांडी नाही, बटण आहे. मागच्या प्रत्येक कॅलिपरवर छोटी मोटर असते, ती गिअरांमधून स्क्रू फिरवून पिस्टन पॅडवर दाबते. स्क्रू उलटा फिरत नाही, म्हणून एकदा आवळल्यावर वीज लागत नाही. मात्र बॅटरी उतरली की बटण मुकं. पॅड बदलताना पिस्टन जोर लावून मागे दाबू नका, आधी सर्व्हिस मोड लावा. ॲक्टिव्हाच्या डाव्या लिव्हरवरची ती खिट्टी मला जास्त आवडते. दाबलेला ब्रेक दाबलेलाच ठेवते, विषय संपला.

सगळ्यात डोकेबाज शेजारच्या तात्यांचा एअर ब्रेकचा ट्रक. हँडब्रेक लावताना 'फुस्स' होतं, तेव्हा मला वाटायचं की हवेने ब्रेक लागतो. उलट आहे. मागच्या चाकांच्या ब्रेक चेंबरमध्ये जाड स्प्रिंग आहे, ब्रेक ती लावते. हवा तिला दाबून मागे ठेवते, एवढंच. फुस्स म्हणजे हवा सोडली, स्प्रिंग मोकळी. टाकी गळून रिकामी झाली तरी ट्रक धरलेलाच, म्हणूनच तात्या सकाळी प्रेशर चढेपर्यंत चहा पितात. तो स्प्रिंगचा चेंबर मात्र हौशी माणसाने उघडायचा नाही. आतली स्प्रिंग माणूस मारते.

रेल्वेच्या डब्यांमध्ये हे स्प्रिंगचं शहाणपण सहसा नसतं. पाइपातली हवा कमी झाली की ब्रेक लागतो खरा, पण तो लागतो डब्याच्या टाकीत साठवलेली हवा सिलिंडरात शिरून, आणि ती हळूहळू गळते. म्हणून उभ्या डब्यांना हाताने चाक फिरवून हँडब्रेक लावतात, वर लाकडी पाचर आणि साखळीही. २५ फेब्रुवारी २०२४ला जम्मूतल्या कठुआहून खडीची मालगाडी चालकाविना सुटली आणि ५३ डबे घेऊन सत्तरहून जास्त किलोमीटर पंजाबात गेली. तीही उतारावरूनच.

काल

पसरणी घाटात, वर्दळ सुरू व्हायच्या आत, रुंद वळणावर तोंड वर करून गाडी उभी केली. मागे दोन दगड, दांडी खेचली, पायाचा ब्रेक सोडला. जीप थोडी मागे झुकली आणि धरली. दगडांना टायर टेकला नाही. दहा मिनिटं तशीच.

ते झुकणं मात्र खटकलं. शाफ्ट धरल्यावरही क्रॉस, स्प्लाइन (शाफ्टच्या सरकत्या जोडाच्या खाचा) आणि डिफरेन्शियलच्या दात्यांमधली सगळी ढिलाई संपेपर्यंत चाक फिरतंच. टायरवर आणि रस्त्यावर खडू मारून मोजलं: सात सेंटिमीटर. मागचा क्रॉस हाताने हलवला तर कटकट ऐकू येते. दोन्ही क्रॉस मागवलेत.