गरवायला शिकवायचंय? मग रॉड राहू दे गाडीत

मे महिन्यात, दिवाळीत आमच्या मालवणकडे पुण्या-मुंबईची पोरं येतात आणि हल्ली बऱ्याच जणांच्या डिकीत ऑनलाइन मागवलेला रॉड-रील असतो. त्यांची हौस बघून मला खरंच खूप बरं वाटतं. पण नवीन माणसाला गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, कसं शिकवायचं असं कुणी विचारलं की माझं एकच सांगणं असतं, रॉड राहू दे गाडीत, आधी हातात नुसता तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, द्या. खाडीच्या गढूळ पाण्यात मासा काय करतोय ते डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतं, आणि बोट एकदा तयार झालं की मग कुठलाही रॉड द्या, माणूस अडत नाही.

सामान अगदी थोडं. ०.४० मिमीचा तंगूस, सहा-आठ नंबरची गरी, म्हणजे गळाचा आकडा, वजनाला थोडं शिसं आणि गुंडाळायला रिकामी बाटली. गरीचा नंबर वाढला की गरी लहान होते हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुकानात हमखास गोंधळ होतो.

यंदा माझी भाची आली होती, आठवीतली, ठाण्याची. तिला पाण्याजवळ नेण्याआधी अंगणात बसवून गाठ शिकवली. तंगूस गरीच्या नेढ्यातून ओवायचा, टोक मूळ दोरीभोवती पाच-सहा पिळे देऊन परत नेढ्याजवळच्या फटीतून काढायचं, मग तेच टोक आता जो मोठा फासा झाला त्यातून, आणि ओढायच्या आधी गाठीला थुंकी लावायची. "शी मामा, थुंकी कशाला?" अहो, कोरडा नायलॉन घट्ट ओढला की घासून तापतो आणि नेमका गाठीपाशीच कमजोर होतो, मग चांगला मासा लागला की तिथेच तुटतो. कोरडी गाठ आणि ओली गाठ दोन्ही तिलाच हाताने खेचायला दिल्या, नुसतं सांगण्यापेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

आता भरती. हा भाग लोक उडवून लावतात आणि मग दिवसभर उन्हात बसून म्हणतात खाडीत मासाच राहिला नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या आसपास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या आसपास, पहाटेची वेगळी आणि दुपार-संध्याकाळची वेगळी. थोडं मागेपुढे होतं, पण अंदाज पक्का मिळतो, आणि ओहोटी पुढे साधारण सहा तासांनी. मोबाइलवर सगळं मिळतं हो, तरी मी भाचीला कालनिर्णय बघूनच वेळ काढायला लावली, कारण तिथी कळली की पाण्याचा जोरही कळतो. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाणी सुसाट, हलकं शिसं वाहून जातं आणि नवशिक्याला मासा कुठला आणि ओढ कुठली ते समजत नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी मऊ चालतं, शिकवायला तेच दिवस घ्या. पाणी चढायला लागलं की मासा त्याच्याबरोबर कांदळवनाच्या मुळांत खायला शिरतो, तेव्हा तिथल्या कडेला बसायचं. कर्लीच्या खाडीत अशा जागा भरपूर आहेत. देवबागला जिथे ती समुद्राला मिळते तिथे मात्र नवीन माणसाला नेऊ नका, ओढ फार असते.

आमिष म्हणजे ताजी कोळंबी, सालासकट, शेपटीकडून ओवायची आणि गरीचं टोक जरासं बाहेर ठेवायचं. टाकलं, शिसं तळाला बसलं की ढिलाई ओढून घ्यायची आणि तंगूस तर्जनीवरून सोडायचा. बस. इथून पुढे शिकवणाऱ्याने गप्प बसायचं. कुर्ली, म्हणजे खेकडा, आमिष कुरतडते तेव्हा बोटाला सलग बारीक खरखर लागते, झटका नसतो. कालुंदर मासा टुकटुक करतो. तांबोशी मात्र एकदाच दणकून ओढते आणि मुळांकडे पळते, तिथे तंगूस सैल सोडला की संपलं. भाचीला आधी सगळंच मासा वाटायचं, दर मिनिटाला "मामा, लागला!" मी तिच्या बोटाशेजारी माझंही बोट तंगूसावर ठेवलं आणि प्रत्येक वेळी हे काय ते विचारत राहिलो. नंतर तीच आपणहून म्हणाली, "ही कुर्ली आहे, थांब." त्या वाक्याचा मला जो आनंद झाला तो पाटीभर मासळीने झाला नसता.

एक गोष्ट अगदी पहिल्या दिवशी सांगायची, शिंगाळा मासा गरीला लागला तर मुलांनी हात लावायचा नाही. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे काटे असतात, विषारी, ठणका जीव काढतो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तास-दीड तास हात बुडवून ठेवायचा, त्याने ठणका उतरतो, पण आधी निरोगी हाताने पाणी तपासा, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काटा आत मोडला असेल तर सरळ डॉक्टर. आणि शिंगाळ्याच्या तोंडात गोट्यांएवढी अंडी दिसली तर त्याला सोडून द्या, तो नर असतो, पिल्लं बाहेर येईपर्यंत तोंडात अंडी सांभाळतो आणि तोवर जवळजवळ काही खात नाही.

लहान तांबोशीही सोडायची. खाडीत मिळते ती बहुतेक पोरवयाचीच, मोठी झाली की बाहेर समुद्रात जाते आणि अंडी तिकडे घालते. हात ओला करून धरा, गरी उलट्या दिशेने ढकलून काढा, आणि खोल गिळली असेल तर ओढत बसू नका, तंगूस तोंडाजवळ कापून मासा पाण्यात सोडा. कापलेला उरलेला तुकडा खिशात घालायचा, काठावर टाकायचा नाही, बगळ्यांच्या पायात अडकतो तो.

भाचीला आता रॉड हवाय. दिवाळीला आली की देणार आहे, तर्जनी तंगूसावरून काढायची नाही एवढ्या एका अटीवर.